पाठ बघणारी आरशी

मित्रांनो, आधी जरा लांब उभे राहा. माझ्यासमोर आलं की माणूस पहिल्यांदा खोटंच वागतं. पोट आत ओढतं, हनुवटी वर करतं, नसलेलं हसू ओठांवर आणतं. हे सगळं बघून बघून मला संशयाची सवय लागली आहे. म्हणून मी कुणावर पटकन विश्वास ठेवत नाही, आणि तुमच्यावरही ठेवलेला नाही.

मी एक जुनी आरशी आहे. ताटलीएवढी, अंडाकृती, भोवती लाकडी चौकट आणि टांगायला पितळी कडी. खालच्या कोपऱ्यात पारा उडून काळे डाग पडलेत. त्यांना कोणी वांग म्हटलेलं मला खपत नाही. वय झालं की डाग पडायचेच, तुमच्या आजीला विचारा.

ब्राझीलच्या कोरड्या मुलखात, लागोआ दो जुआ नावाच्या गावात माझं आयुष्य गेलं. माझी काच जत्रेतली, पण चौकट संतांच्या मूर्ती कोरणाऱ्या सुताराची. देवळासाठी एक मूर्ती केली, तिच्यातून उरलेल्या सुवासिक लाकडाची त्याने माझी चौकट केली. म्हणजे अर्धी मी देवळातली. प्लास्टिकच्या कडांचे आरसे आजकाल दुकानात लटकतात, त्यांच्याशी मी बोलत नाही.

क्विटेरिया लग्न होऊन या घरात आली ती मला उराशी धरूनच. दाराशेजारच्या खिळ्यावर तिने मला टांगलं आणि मग बाकीचं सामान आत घेतलं. मानाच्या बाईला आमच्याकडे दोना म्हणतात. गावात कुणाचं लग्न निघालं की नवरीची आई दारात हजर. "दोना क्विटेरिया, तुमची आरशी द्या हो. तिच्यात नाक लहान दिसतं." तसं काही नव्हतं. नाकं होती तेवढीच दिसायची, पण वासाच्या लाकडाजवळ तोंड नेलं की माणसाला स्वतःबद्दल बरं वाटतं, एवढंच. मी काही बोलले नाही. कौतुक कुणी करत असेल तर मधे बोलू नये.

पण माझी एक धास्तीही होती त्या घराला. आमच्याकडे पावसाच्या दिवसांनाच हिवाळा म्हणतात. थंडीबिंडी काही नसते, आभाळ फाटल्यासारखा गडगडाट असतो. आणि आरसा उघडा असला की वीज त्याच्याकडे धावते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. गडगडाट झाला की बायका कात्र्या खणात टाकतात, अनवाणी असतील ते चपला घालतात आणि आरशावर चादर पडते. एरवी पाऊस थांबला की चादर निघते. क्विटेरियाच्या घरात निघत नाही. तिचा धाकटा भाऊ खिडकीत आरसा लावून दाढी करत होता. पाऊस थांबला होता, आभाळ निवळलं होतं, ऊनसुद्धा पडलं होतं. तेवढ्यात कुठूनशी वीज आली. अर्धी दाढी तशीच ठेवून गेला बिचारा. तेव्हापासून पहिला गडगडाट झाला की क्विटेरिया मला जाड चादरीत गुंडाळते आणि हिवाळा सरेपर्यंत सोडत नाही. तिचं बघून आधी गल्ली आणि मग आसपासची गावं तसंच करू लागली.

मला त्याचा राग नव्हता. खरं सांगू, थोडा गर्वच होता. आख्खं आभाळ जिच्यावर डोळा ठेवून आहे अशी गावात दुसरी कोण होती?

क्विटेरियाचा मुलगा आदेराल्दो माझ्यासमोर मोठा झाला. पहिली मिशी त्याने माझ्यात मोजली. लिंदाल्वाला मागणी घालायला जाताना केसांना इतकं तेल लावलं की माझ्यावर थेंब उडाले. पुढे त्याने मोटारसायकल घेतली. तेव्हा सगळ्यांनीच घेतल्या आणि गाढवं दिली सोडून. सोडलेली गाढवं जातील कुठे? रस्त्यावर उभी राहतात. एका संध्याकाळी वळणावर एक गाढव उभं होतं. गाढव वाचलं. आदेराल्दोचा पाठीचा कणा मोडला आणि कमरेखालचं सगळं बधिर झालं.

"आपलंच होतं ते गाढव," तो पुढे चाकाच्या खुर्चीत बसून लोकांना सांगायचा. "तोंड ओळखीचं वाटलं. मी विकलं नाही, नुसतं सोडलं, त्याचा राग होता त्याला." लोक हसायचे. त्याची आई हसायची नाही.

शहरातल्या इस्पितळाने घरी सोडताना त्याला बजावून सांगितलं होतं. ज्या अंगाला कळत नाही, त्या अंगाला खडा टोचला, चादरीची घडी रुतली तरी माणसाला पत्ता लागत नाही. एका जागी फार वेळ बसलं की कातडी आतून मरते. म्हणून रोज आरसा मागे धरून पाठ, कंबर, बूड सगळं बघायचं. लाल डाग दिसला तर बोटाने दाबायचा. दाबल्यावर पांढरा पडून परत लाल झाला तर ठीक. लालच राहिला तर त्या जागेवर भार द्यायचा नाही.

आता घरात आरसा म्हणजे मी. ज्या काचेत गावातल्या नवऱ्या नटल्या, ती काच खिळ्यावरून उतरवून कुठे धरली, हे मी सांगणार नाही. तुम्हाला कळलंच असेल. पहिल्या दिवशी मला इतकी लाज वाटली की फुटून जावंसं वाटलं. आदेराल्दो कुशीवर झाला, हात मागे नेला आणि म्हणाला, "माफ कर हो आरशीबाई. हे माझं दुसरं तोंड. याला दाढी करावी लागत नाही, तेवढा तुझा त्रास कमी."

हळूहळू मला त्या कामाचा अभिमान वाटू लागला. कारण ते तोंड खोटं वागत नाही. लाल असलं की लाल दिसतं.

पण आदेराल्दोची एक खोड होती. पाठ तो एकटा बघायचा. पडदा ओढायचा, आणि बायकोलाही आत येऊ द्यायचा नाही. "माझी पाठ आहे, मी बघीन," एवढंच म्हणायचा. लिंदाल्वा पडद्याबाहेर भांडी आपटायची. क्विटेरिया म्हणायची, "मी धुतलंय त्याला लहानपणी, आता काय सोनं लागलंय तिथे?" तरी पडदा सरकला नाही.

कोरड्या दिवसांत सगळं नीट चालायचं. हिवाळ्यात मात्र त्याला जखम व्हायची. एका वर्षी बोटाच्या पेराएवढी, पुढच्या वर्षी त्याहून मोठी. हिवाळा सरला की ती भरून यायची. क्विटेरिया म्हणायची, पावसाची हवा बाधते.

मग ती बाई आली. मिर्तेस तिचं नाव. विद्यापीठातली नर्स, पण सुया टोचायला आली नव्हती. कणा मोडलेली माणसं आपापल्या घरी कशी सांभाळली जातात, हे ती खेडोपाडी हिंडून विचारत होती. त्याचा अभ्यास करून पुढच्या नर्सना शिकवणार होती म्हणे.

मला ती पहिल्याच दिवशी आवडली नाही. आत आली, खिळ्यापाशी थांबली, माझ्यात बघितलं, आणि केसांना हात लावला नाही! माझ्या उभ्या आयुष्यात असली बाई मी बघितली नव्हती. मग नीट पाहिलं तेव्हा कळलं की ती स्वतःला बघतच नव्हती. माझ्यातून मागे उभ्या असलेल्या घरच्यांची तोंडं बघत होती. जी बाई आरशाचा असा उपयोग करते, तिच्यापासून सावध राहावं.

क्विटेरियालाही तसंच वाटलं. तिने कॉफी दिली, पण साखर विचारली नाही.

"तुला पाठवलं कुणी?"

"मीच आले, दोना क्विटेरिया. आरोग्य केंद्रातून नाव कळलं."

"असं कुणी आपणहून येत नाही पोरी. लग्न झालंय का?"

"नाही."

"मग घरी विचारायला कुणी नसेल, म्हणून दुसऱ्याच्या घरी विचारत फिरतेस."

मिर्तेस हसली आणि कॉफी तशीच कडू प्यायली. मग विचारू लागली. कुशी कोण बदलतं? खुर्चीत बसल्यावर हातांवर जोर देऊन अंग उचलतो का? गादी कसली? आरशाने पाठ रोज बघता का?

"रोज," आदेराल्दो म्हणाला.

"रोज," लिंदाल्वा म्हणाली.

"रोज म्हणजे रोज," क्विटेरिया म्हणाली. "आमच्या घरात कुचराई नाही."

त्या दिवसांत आभाळ कोरडं होतं आणि आदेराल्दोची पाठ आरशासारखी स्वच्छ होती. मिर्तेस शाबासकी देऊन गेली. तिच्या शाबासकीचाही मला संशय आला.

ती परत आली तेव्हा हिवाळा ऐन भरात होता आणि मी चादरीत होते. आता मला दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. माकडहाडावर मोठी जखम झाली होती. चादरीतून मला वास येत होता. माझ्या लाकडाच्या वासावर तो वास चढला, यावरून काय ते समजा. आदेराल्दोला ताप होता. आणि जखम झाल्याचं त्या बधिर अंगाने कळवलं नव्हतं. ताप चढला तेव्हा कळलं.

"हे एका दिवसात झालेलं नाही," मिर्तेसचा आवाज आला. "पेरणीला सगळे शेतावर जाता का? तो एकटा असतो का तेव्हा?"

"म्हणजे मी पोराला टाकून चवळी पेरायला जाते, असं म्हणायचंय तुला?"

"मी तसं म्हटलं नाही. गादी पावसाने ओली राहते का? छप्पर गळतं का?"

"छप्पर गळत नाही! अजून काय? आम्ही त्याला उपाशी ठेवतो का? मारतो का? विचार, विचार. पोटात ठेवू नकोस."

"दोना क्विटेरिया, गावागावात हेच होतंय. हिवाळा आला की जखमा वाढतात. कारण मला सापडत नाही. तुम्ही काहीतरी सांगत नाही आहात."

"आणि तू काहीतरी लपवतेस! त्याला इथून उचलून न्यायला आली आहेस. पलीकडच्या वाडीतला लाझारो असाच गेला होता शहरात, जखम दाखवायला. परत आला तो शवपेटीत. चल, ऊठ."

आणि क्विटेरियाने तिला घराबाहेर काढलं. मला चादरीत बरं वाटलं. आमचा संशय खरा ठरला असं वाटलं. पण त्या दुपारी आदेराल्दोने एकही थट्टा केली नाही, आणि तेव्हा मला भीती वाटली. त्या घरात गडगडाट चालायचा, पण त्याचं गप्प बसणं कधी चाललेलं नव्हतं.

दोन-चार दिवसांनी मिर्तेस पुन्हा दारात. या वेळी प्रश्न नव्हते. मलमपट्टीचं सामान होतं. क्विटेरियाने दार अडवलं तेव्हा आतून लिंदाल्वा म्हणाली, "आई, येऊ द्या तिला. तुमचा मान नंतर राखू. आधी तो जगू दे." सुनेने सासूला असं बोललेलं त्या घराने ऐकलं नव्हतं. दार उघडलं.

मिर्तेसने जखम धुतली. बाहेर पावसाने ओढा भरून रस्ता बंद केला, तेव्हा तिला बसून राहणं भागच होतं. गडगडाट सुरू झाला. क्विटेरियाने कात्र्या उचलल्या, सगळ्यांना चपला घालायला लावल्या. मिर्तेसनेही न सांगता पाय वर घेतले असावेत, कारण क्विटेरिया म्हणाली, "एवढं तरी शिकवलंय तुझ्या आईने."

"माझी आई याच मुलखातली," मिर्तेस म्हणाली. मग आदेराल्दोकडे वळली. "बाकी पाठीवर कुठे लाल आहे का, ते तुम्हीच बघा. मला दाखवायला लाजता ना? आरशी घ्या."

मिर्तेस उठल्याचा आवाज आला.

"आरशी कुठे आहे?"

"झाकलीय," क्विटेरिया म्हणाली. "दिसत नाही का? आभाळ काय करतंय बघ."

"हो, हो. पाऊस थांबला की काढा."

"पाऊस थांबला की कशाला? हिवाळा संपला की."

माझ्यावर धो-धो पाऊस पडत असल्यासारखं छप्पर वाजत होतं. त्यातूनही मिर्तेसचा श्वास मला ऐकू आला.

"म्हणजे हिवाळाभर तुम्ही पाठ बघतच नाही?"

"आरशी झाकलेली असते, तर बघणार कशात?" आदेराल्दो म्हणाला. तापाने आवाज बसला होता.

"पण तुम्ही मला म्हणालात, रोज बघतो!"

"रोजच बघतो की. आरशी असली की रोज. ती झाकलेली असते हे काय सांगायचं? कोंबडा सकाळी आरवतो हे सांगितलं का तुम्हाला?"

मग एक आवाज आला. मला वाटलं कुणी कुणाला थप्पड मारली. मिर्तेसने स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला होता.

"माझी आईसुद्धा झाकते," ती म्हणाली. "मी लहानपणापासून बघतेय. घराघरांत विचारत फिरले, गादी विचारली, छप्पर विचारलं, आणि हे विचारलं नाही. मलाही ते माहीतच होतं ना, म्हणून."

मित्रांनो, तिथे मला पहिल्यांदा तिच्या आवाजात काही लपवलेलं सापडलं नाही. मी फार शोधलं.

आता ती म्हणणार, चादर काढा, विजेची गोष्ट खोटी आहे. क्विटेरियाही त्याचीच वाट बघत होती. भांडायला तिने कंबर कसली होती. "माझा भाऊ गेलाय," ती आधीच म्हणाली. "तुझ्या आईचा गेला नाही, म्हणून ती लवकर चादर काढते. मी काढणार नाही."

"काढू नका," मिर्तेस म्हणाली.

भांडायला उभ्या राहिलेल्या बाईला समोरचीने जागाच दिली नाही की तिची फार पंचाईत होते.

"आरशी झाकलेली राहू दे. पण मग बघायला माणसाचे डोळे हवेत. आणि हाताची उलटी बाजू. लाल व्हायच्या आधी कधी कधी कातडी गरम लागते, ते हाताला कळतं."

"मी नाही कुणाला बघू देणार," आदेराल्दो म्हणाला.

आणि मग लिंदाल्वा बोलली. इतके दिवस भांडी आपटून जे सांगत होती ते तोंडाने बोलली. "अरे, मी तुझ्याशी लग्न केलं तेव्हा काय पाठ सोडून केलं होतं? पुढचं माझं आणि मागचं सरकारचं, असं फादरने सांगितलं होतं का? पडद्याआड तू लाजत बसतोस आणि बाहेर मी तुझ्या मरणाची वाट बघत बसते. वळ तिकडे!"

मग खाट करकरली. तो वळला. लिंदाल्वाचा हात त्याच्या पाठीवरून फिरला असेल. मला काही दिसलं नाही. उजव्या बाजूला आणखी एक जागा गरम लागली, ती पट्टीखाली गेली नव्हती. मिर्तेस म्हणाली, ही जागा वाचेल, पण मोठी जखम घरी बरी होणार नाही. आत पू आहे. ओढा उतरला की त्याला इस्पितळात न्यायलाच हवं, नाहीतर विष अंगात भिनेल.

लाझारोची पेटी त्या खोलीत सगळ्यांना दिसली. मला चादरीतूनही दिसली.

"आई," आदेराल्दो म्हणाला, "मी जातो."

"जाशील. पण मी बरोबर येणार. ही नर्स नाही, मी. इस्पितळवाल्यांच्या हातावर माझी नजर राहील."

तो गेला, ती गेली, लिंदाल्वा गेली. मी रिकाम्या घरात अंधारात राहिले. शेजारणी येऊन कोंबड्यांना दाणे टाकायच्या आणि बोलायच्या. एक म्हणाली, बरा आहे. दुसरी म्हणाली, मला तर गेला असं कळलं. तिसरी म्हणाली, गेला नसेल, देवळात मरणाची घंटा वाजली नाही. माणसं झाकलेल्या आरशासमोरसुद्धा खोटं बोलतात! कुणाचं खरं धरावं? पारा थंड पडला माझा.

हिवाळा सरला तेव्हा चादर निघाली, आणि माझ्यासमोर पहिलं तोंड आदेराल्दोचं होतं. गालफडं बसली होती, मिशी विरळ झाली होती. "काय आरशीबाई," तो म्हणाला, "गाढव भेटलं वाटेत. नमस्कार केला." मी त्याच्यामागे बघितलं. क्विटेरिया पाठ फिरवून डोळे पुसत होती. तिला वाटलं कुणी बघत नाही.

मग मला मागे धरलं. तिथे शिवण होती, वेडीवाकडी, गुलाबी, पण बंद. नव्या नवरीसारखी मी तिला नीट न्याहाळून बघितली.

मिर्तेस अजून येते. आता ती घरोघरी गेल्यावर आधी विचारते म्हणे, "गडगडाट झाला की तुमच्याकडे काय काय झाकता?" तिच्या अभ्यासात हा प्रश्न गेला आहे, आणि नव्या नर्सना ती तोच शिकवते. चांगलं आहे. माझा संशय मात्र पुरता गेलेला नाही. हाताने पाठ बघायची ही पद्धत काचेची बरोबरी करेल, हे मी मरेपर्यंत मानणार नाही. तरी क्विटेरिया आता तिला साखर विचारते, एवढं मी पाहिलं आहे.

परवा या हिवाळ्याचा पहिला गडगडाट झाला. क्विटेरियाने चादर आणली आणि माझ्यावर टाकली. लिंदाल्वा विहिरीवर गेली होती. मी अंधारात कान देऊन होते. आदेराल्दोने हाक मारली, "आई, जरा ये. पाठ बघ."

तिच्या चपला थांबल्या. जन्मात त्याने तिला हे सांगितलं नव्हतं. मग ती गेली, आणि खाटेची कड करकरली.

"काय दिसतंय?" त्याने विचारलं.

"पाठ दिसतेय. तुझ्या बापाचीच. कामाची राहिली नाही, पण चांगली आहे." आणि मग, नाक ओढून, "हलू नको. अजून बघून झालं नाही माझं."

मित्रांनो, आरशाला सांभाळा, पुसा, खिळा पक्का आहे ना ते बघा, हे तर मी सांगेनच. पण जगात कुणालाच स्वतःची पाठ दिसत नाही, आणि काहींना ती कळतही नाही. घरात असं कुणी असेल तर सगळं ठीक आहे म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, मग म्हणणारा तो स्वतः असला तरी. संशय घ्या. जवळ जा. विजेची भीती वाटत असेल तर मला खुशाल झाका. माणसाला झाकू नका.